'पारंपरिक' म्हणजे नेमकी कोण?

ओव्यांची, फुगडीच्या गाण्यांची एखादी जुनी कॅसेट किंवा सीडी घरात असेल तर तिचं कव्हर उलटून पाहा. निर्मात्याचं नाव, कंपनीचा पत्ता, ध्वनिमुद्रण कुणी केलं, संगीत संयोजन कुणाचं, हे सगळं बहुतेक वेळा सापडेल. गीतापुढे मात्र पुष्कळदा एकच शब्द असतो, 'पारंपरिक'. आणि गाणाऱ्या बायका? त्या 'आणि सहकारी' या दोन शब्दांत उरकलेल्या असतात.

मैत्रिणींनो, ही 'पारंपरिक' नावाची बाई कोण? पहाटे जात्यावर बसली ती. भाद्रपदात रात्र जागवून फुगड्या घातल्या ती. तिने गाणं आईकडून घेतलं, त्यात स्वतःचं दुःख घातलं, सासरचं गाव घातलं आणि पुढे लेकीला दिलं. एवढं सगळं करून कव्हरवर तिला नाव नाही. म्हणूनच मला वाटतं, आपल्या गटांनी गाणी मुद्रित करायला शिकावं तसं त्यांचं कव्हर स्वतः बनवायलाही शिकावं. वरवर हे सजावटीचं काम दिसतं. पण कुणाचं नाव छापायचं आणि कुणाचं गाळायचं, हे तिथेच ठरतं.

नावासाठी बाईला किती धडपडावं लागलं, याचे दाखले आवाजाच्या तबकड्यांइतकेच जुने आहेत. नोव्हेंबर १९०२ मध्ये गौहर जान यांनी कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी मुद्रित केली. गाणं संपलं की त्या आपलं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कामगारांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून ही रीत पडली, असं सांगतात. पुढे १९४९ मध्ये 'महल' चित्रपट आला. त्यातलं सर्वांत गाजलेलं गाणं लता मंगेशकरांचं. पण तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! ही गाते कोण, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली, तेव्हा कुठे खरं नाव लोकांपर्यंत पोचलं. लताबाईंच्या बाबतीत हे घडलं, तर वालावलच्या फुगडीवाल्या बाईची काय कथा?

वालावल म्हटलं की लोकांना लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याच्या शेजारचा तलाव आठवतो. फोटो काढायला लांबून माणसं येतात. गाण्यांची तर सगळ्या कुडाळ तालुक्यातच श्रीमंती आहे. दशावतार आहे, भजनं आहेत, गणपतीतल्या फुगड्या आहेत. गाण्याला चित्राची जोड देणंही इथे नवं नाही. तालुक्यातल्याच पिंगुळीत चित्रकथीची परंपरा आहे आणि तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण दशावतारात स्त्रीपार्टसुद्धा पुरुषच करत आले. बाईचं हक्काचं गाणं म्हणजे अंगणातलं आणि माजघरातलं. ते आता मोबाइलवर मुद्रित होतं आणि गावाबाहेर जातं. जाताना कुणाच्या नावाने जातं, हा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली कलम ५२अ घातलं गेलं. त्याप्रमाणे ध्वनिमुद्रिकेवर आणि तिच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापाव्याच लागतात: मुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क ज्याच्याकडे आहेत त्याचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष. या यादीत गाणारी नाही! २०१२ च्या दुरुस्तीने मात्र कलम ३८ख आलं. सादरीकरण आपलं आहे हे नावानिशी सांगितलं जाण्याचा हक्क कलाकाराला मिळाला. वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावं लागत असेल, तेवढाच अपवाद. गाणं परंपरेचं असलं तरी ते गाणारा गळा एका बाईचा असतो, आणि हा हक्क त्या गळ्याचा आहे. हक्क कागदावर आला. कव्हरवर आणायचा तर कव्हर कुणी तरी करायला हवं.

"ह्या आमका खंय जमतला?" हा प्रश्न लगेच येतो. रांगोळीत ठिपके मोजणाऱ्या, गोधडीत तुकड्याला तुकडा जुळवणाऱ्या बायकांनी तो विचारावा याचं मला नवल वाटतं. चित्रांचं सॉफ्टवेअर गोधडीसारखंच थराथरांनी काम करतं. खाली रंगाचा थर, त्यावर फोटो, त्यावर अक्षरं. एक थर हलवला तरी बाकीचे जागेवर राहतात, चुकलं तर तेवढाच उसवायचा. १९९० मध्ये बाजारात आलेलं फोटोशॉप आता ठरावीक मुदतीचे पैसे भरून वापरावं लागतं. पण १९९६ पासून उपलब्ध असलेलं 'गिम्प' मोफत आहे, आणि तेही कायदेशीरपणे. आपल्या कामाला ते पुरून उरतं.

काही मोजमापं वहीत लिहून ठेवावीत. सीडीच्या पुस्तिकेचं पान १२ सेंटिमीटर चौरस. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त घ्यायचे. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके. पडद्यावर रंग उजेडाचे असतात, कागदावर शाईचे. म्हणून माडाचा लखलखीत हिरवा छापल्यावर मळकट दिसू शकतो. आधी एक प्रत छापून पाहावी. अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्ता' आणि 'बालू' हे टंक मोफत मिळतात. जोडाक्षरं तुटत नाहीत ना, हे नीट वाचून पाहावं. बाईचं नाव आधी छापलंच जात नाही, छापलं तर निदान मोडून तरी नको!

हे काम डीटीपीवाल्या मुलाला दिलं तर काय बिघडलं? तो तासाभरात करून देईल. इंटरनेटवरून नऊवारीतली, डोईवर कळशी घेतलेली, गोरीपान तरुणी उचलून ठेवील. ती आपल्या गावची नसते, आणि तो फोटोही कुणाच्या तरी हक्काचा असतो. आपल्याच बायकांचा फोटो दिला तर सुरकुत्या पुसून टाकील, कारण सॉफ्टवेअरमध्ये त्याचं हत्यार तयार असतं. सत्तरीच्या बाईच्या चेहऱ्यावरची सत्तर वर्षं पुसायची की ठेवायची? हा प्रश्न तंत्राचा नाही, आपल्या विचारांचा आहे. तो आपल्यात बसून सुटायला हवा.

नावाचंही तसंच. खेड्यात बाईला नावं दोन, माहेरचं आणि सासरचं, शिवाय 'सौ.' लावून पुढे नवऱ्याचं नाव. कव्हरवर कोणतं घालायचं? तिला विचारायचं. कुणी म्हणेल नाव नकोच, घरचे रागावतील. तिच्यावर जबरदस्ती करायची नाही. पण नकार तिचा स्वतःचा आहे की घरच्यांचा, एवढं तिच्याशी निवांत बोलून घ्यायचं. फोटोलाही तिची संमती हवी.

'गाणं सगळ्यांचं, मग नावं कशाला?' असंही काही जणी म्हणतील. चळवळीत आपण सामूहिकतेला मान देतो, म्हणून हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. पण हेमा राईरकर आणि गी पोइटवां यांचं काम आठवून पाहा. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या गावोगावहून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तीन हजारांहून अधिक बायकांकडून. गाणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. त्यामुळे ओवी कुणा एकीची झाली नाही. उलट ती किती जणींची आहे हे जगाला कळलं. सामूहिक म्हणजे निनावी नव्हे.

आता कॅसेट गेली, सीडीही दिसेनाशी झाली, मग कव्हर कशाला, असं वाटेल. पण जुन्या मोठ्या तबकडीचं वेष्टन फूटभर रुंद होतं, मागे मजकुराला ऐसपैस जागा होती. कॅसेटवर ती तळहातापेक्षा लहान झाली. आज मोबाइलवर गाण्यासोबत एक चौकोनी चित्र दिसतं, तेही नखाएवढं. जागा आटत गेली की आधी नाव जातं ते गाणाऱ्या बाईचं. म्हणून चौकोनी चित्र बनवताना (३००० गुणिले ३००० ठिपक्यांचं असलं की बहुतेक ठिकाणी चालतं) गटाचं नाव ठळक घालावं. प्रत्येकीचं नाव गाणं चढवताना माहितीच्या रकान्यात भरावं, आणि सगळ्यांच्या नावांचा छापील कागद गटाच्या दप्तरी ठेवावा. पुढे पैशाचा प्रश्न आला तर कोण कोण गायलं होतं, हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडेल.

येत्या गणपतीत फुगड्या मुद्रित करणार असाल तर माइक लावण्याआधी वही उघडा. कोण गाणार, गाणं कुणाकडून शिकली, नाव कसं लिहायचं, ते लिहून घ्या. कव्हरची सुरुवात तिथूनच होते. सॉफ्टवेअर चार बैठकांत हाताखाली येईल. आणि तयार झालेल्या कव्हरवर 'पारंपरिक' हा शब्द दिसलाच, तर त्याच्या शेजारी गाणारीचं नावही असू द्या.