एसटीचं कौतुक पुरे

गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की लोकांना एसटी आठवते. आमदार असून लाल डब्यातून फिरायचे, किती साधा माणूस! 30 जुलै 2021 रोजी ते गेले, तेव्हाही श्रद्धांजलीत हेच. मला या कौतुकाची चीड येते. साधेपणाचे गोडवे गायले की त्यांनी केलेल्या खऱ्या अवघड गोष्टीकडे पाठ फिरवता येते. ती गोष्ट ही, की हा माणूस जागचा हलला नाही.

मतदारसंघ सांगोला, पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. 1962 पासून 2014 पर्यंत अकरा वेळा निवडून आले. 1972 ला पडले. 1995 ला पडले ते दोनशेहूनही कमी मतांनी. पडल्यावर दुसऱ्या कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. शेकाप स्वतःच्या बळावर राज्यात सत्तेवर येणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? 1978 आणि 1999 ची मंत्रिपदं वगळली, तर हयात विरोधी बाकांवर गेली.

'मतदारसंघाच्या विकासासाठी सत्ताधारी पक्षात गेलो' म्हणणाऱ्या प्रत्येक आमदाराला मला सांगोला दाखवायचा आहे. पाचवीला दुष्काळ पुजलेला तालुका. तिथे सहकारी सूतगिरणी उभी राहिली ती याच माणसामुळे. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर पाणी परिषदा घेत कृष्णेच्या पाण्यासाठी सरकारशी वर्षानुवर्षं भांडला तोही हाच. निधीसाठी सत्तेत जावंच लागतं, ही थाप आहे. आणि खरंच जावं लागत असेल, तर तो राज्यकारभार नव्हे, खंडणी आहे. विरोधी आमदाराचा मतदार कर भरत नाही का?

ऑक्टोबर 2019 मध्ये आपण 288 आमदार निवडले. त्या एका विधानसभेत तीन मुख्यमंत्री झाले आणि मतदाराला एकदाही विचारलं गेलं नाही. पक्षांतरबंदी कायदा 1985 पासून आहे. पण निवाडा अध्यक्षांच्या हाती, आणि अध्यक्ष कुठल्या तरी पक्षाच्याच तिकिटावर निवडून आलेला. अपवाद सोडता अपात्रतेचे अर्ज तीन महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात बजावलं होतं. आपल्याकडे शिवसेनेतल्या जून 2022 च्या बंडाचा निकाल 10 जानेवारी 2024 ला लागला आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. मग हा कायदा नेमका कुणाला अडवतो?

माझी मागणी सरळ आहे. ज्या चिन्हावर मत घेतलं ते सोडायचं, तर आधी आमदारकी सोडा आणि पुन्हा मतदारापुढे या. एकटा गेला काय, चाळीस गेले काय, नियम तोच. निवाडाही अध्यक्षांकडून काढून घ्या.

पण कायदा बदलेपर्यंत हात झटकू नका. 'आपला माणूस सत्तेत पाहिजे' हे पारावर बसून म्हणणारे आपणच. त्याने उडी मारली की गावात फटाके वाजवणारेही आपणच. गणपतराव एकट्याच्या हिमतीवर टिकले नाहीत. सत्ता नसलेल्या माणसाला सांगोल्याने पुन्हा पुन्हा मत दिलं, म्हणून टिकले. तेवढी धमक नसेल, तर त्यांच्या एसटीच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.