म्हादई आणि तिचे विश्वस्त

देवाच्या जमिनीचा तुकडा कोणी परस्पर विकला तर काय होते, हे महाजनांस सांगावयास नको. दावे लागतात, ते पिढ्यानपिढ्या चालतात, आणि आमच्यासारख्या वकिलांची त्यावर उपजीविका होते. कारण कायद्याच्या दृष्टीने देव ही मालमत्ता धारण करणारी व्यक्ती आहे आणि ती सदैव अज्ञान, म्हणजे वयात न आलेली, मानिली जाते. कारभाऱ्याने उत्पन्नातून पूजाअर्चा चालवावी. अपरिहार्य गरजेवाचून मुदलास हात लावू नये. हा नियम आपल्या हाडीमासी खिळलेला आहे. मग नदीच्या बाबतीत तो आपण विसरतो कसा?

खानापूर तालुक्यातील कणकुंबीस मलप्रभा उगम पावते व पूर्वेस जाते. त्याच परिसरातून कळसा नाला पश्चिमेची वाट धरून म्हादईस मिळतो, आणि म्हादई सत्तरीतून उतरून मांडवी या नावाने समुद्रास जाते. कळसा व भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवावे, ही कर्नाटकाची योजना. २०१० साली नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला: कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट. कर्नाटकाच्या वाट्यापैकी ३.९ मलप्रभेच्या खोऱ्यासाठी. तरीही तंटा मिटला नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला.

हुबळी-धारवाडच्या घागरीस आम्ही नावे ठेवीत नाही. तेथली तहान खरी आहे, आणि तेथेही आपलीच माणसे आहेत. आमचा आक्षेप निराळा आहे. १९५६ च्या जलविवाद कायद्याखाली तक्रार करावयाची ती राज्य सरकारांनीच. जो अजून जन्मास आलेला नाही, त्याचे वकीलपत्र तेथे कोणाकडे होते? आणि सरकारे तरी मालक कुठे आहेत? बियास नदीकाठच्या एका पथिकगृहाच्या प्रकरणी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितले, की नैसर्गिक संपत्तीचे राज्य हे केवळ विश्वस्त आहे. विश्वस्त आपसांत वाटे पाडू लागले, तर देवस्थानच्या सभेत आपण गप्प बसलो असतो काय?

गोव्याच्या सरकारलाही आम्ही सोडणार नाही. म्हादई अभयारण्य व लगतचे रान म्हणजे या पाण्याचे कोठार. ते व्याघ्रप्रकल्प म्हणून तीन महिन्यांत अधिसूचित करावे, असा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये केला. हुकूम पाळण्याऐवजी सरकारने दिल्लीची वाट धरली! कणकुंबीकडे बोट दाखवावयाचे, आणि रानाचे रक्षण करा म्हटले की अपील करावयाचे. (पणजीपुढे त्याच मांडवीत जुगाराची जहाजे नांगरलेली आहेत, ती निराळीच.)

आमचे म्हणणे थोडके आहे. उन्हाळ्यात नदीत किती पाणी राहिलेच पाहिजे, हे तिन्ही सरकारांनी कायद्याने ठरवावे. ते मुदल समजावे, आणि वाटणी करावयाची ती त्यावरील पाण्याचीच. प्रवाहाची मोजणी दर महिन्यास जाहीर व्हावी, म्हणजे हिशेब आम्हांसही तपासता येईल. देवस्थानाच्या येत्या सर्वसाधारण सभेत महाजनांनी या अर्थाचा ठराव करून पणजी, बेंगळुरू व मुंबई येथे धाडावा. मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहोत, फी नको.