देवळाचा हिशेब

देऊळ म्हटले, की आमच्या डोळ्यांपुढे गाभारा, घंटा आणि पालखी उभी राहते. धान्याचे कोठार कोणाच्या मनात येत नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मात्र देऊळ व कोठार यांची फारकत नव्हती. गाभाऱ्यात पुरोहितांखेरीज कोणी जात नसे. सामान्य जनांना देव भेटे तो उत्सवात, नौकेच्या आकाराच्या पालखीत, आणि तोही पडद्याआड! परंतु शेते, गुरे, नावा असा मोठा पसारा देवाच्या नावे चाले. थीब्जजवळ दुसऱ्या रामसेसच्या देवळामागे कच्च्या विटांची कमानदार कोठारे अद्याप उभी आहेत. तिसऱ्या रामसेसच्या काळी, इ. स. पूर्व ११५० च्या सुमारास, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे धान्य थकले, तेव्हा ते काम टाकून देवळांपाशीच जाऊन बसले. भुकेल्याने कोठे जावे, हे त्यांना ठाऊक होते.

त्याच राजाने देवळांना दिलेल्या दानांची यादी चाळीस मीटरांहून लांब अशा पपायरसवर लिहिलेली असून ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि योगायोग पाहा, आमच्या बेळगावचा हिशेबही तेथेच आहे! किल्ल्यातील कमल बस्ती हे जिनमंदिर रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधविले. त्यास दिलेल्या दानांचे इ. स. १२०४ चे दोन शिलालेख तिकडे गेले. आम्ही सहलीस जातो, छताचे दगडी कमळ मान वर करून पाहतो आणि परततो. हे मंदिर कशावर चालत होते, हे विचारीत नाही.

दान दगडावर का कोरीत? पुढे कोणी ते गिळंकृत केल्यास गावाने जाब विचारावा म्हणून, असे आम्हांस वाटते. आज जीर्णोद्धाराच्या उत्साहात असल्या दगडांवर तैलरंग चढतो, कोठे ते पायरीखाली जातात. जीर्णोद्धारास आमचा विरोध नाही. वर्गणी आम्हीही देतो. परंतु लेख कन्नडात आहे, म्हणजे तो आपला नव्हे, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. जुनी कन्नड लिपी शेजारच्या कन्नड शाळेतील मुलांनाही सहसा लागत नाही. तेव्हा जाणत्यांपुढे दोघांनी मिळूनच बसावे. निपाणीकडील असो वा खानापूरकडील, ज्या विद्यार्थ्याच्या गावी असा दगड असेल, त्याने रंगाचा डबा उघडण्यापूर्वी पंचांस एवढे सांगावे, की आधी त्याचा ठसा घेऊ द्या.