भूतबंगल्याचं तिकीट

याद्यांवरचा माझा राग या सदराच्या वाचकांना नवा नाही. आंब्याच्या जातींपासून अजरामर कादंबऱ्यांपर्यंत कशातूनही ‘सर्वोत्तम दहा’ काढून देणारी मंडळी असतात आणि त्यांना छापायला जागाही मिळते. या आठवड्यातली यादी भयपटांची. त्यात ‘हॅलोवीन’ होता, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ होता, टोबी हूपरचा ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’ तर असणारच. त्याच हूपरचा १९८१चा ‘द फनहाउस’ मात्र नेहमीसारखाच गायब.

गोष्ट थोडक्यात अशी. एका अमेरिकन गावात फिरता आनंदमेळा आलेला. एमी, तिचा नवा मित्र आणि आणखी एक जोडपं तिथे जातात आणि रात्र भूतबंगल्यात लपून काढायचं ठरवतात. तिथे फळ्यांच्या फटींतून त्यांना खाली एक खून होताना दिसतो. चित्रपट युनिव्हर्सलचा, फ्रँकेनस्टाइनच्या मुखवट्यामागच्या विद्रूप चेहऱ्याची रचना रिक बेकरची.

यावर ठरलेला आक्षेप असा, की निम्मा चित्रपट होईस्तोवर काही घडतच नाही. पोरं नुसती मेळ्यात भटकतात. माझं म्हणणं असं, की सगळं त्या भटकण्यातच घडतं. दोन तोंडांची गाय, भविष्य सांगणारी मादाम झेना, कापडाच्या आडोशाला चाललेला बायकांचा नाच: दर तंबूशी पैसे मोजायचे आणि किळस, भीती किंवा लाज विकत घ्यायची. हा बाजार हूपर सावकाश दाखवतो, कारण पुढचा रक्तपातही बाजाराच्याच नियमांनी होतो. मुखवटेवाला झेनाला शंभर डॉलर देतो, त्याचा हिरमोड होतो, तो पैसे परत मागतो, ती नाही म्हणते आणि जिवानिशी जाते. पोरं सापडतात तीही पैशापायीच. त्यांच्यातला रिची गल्ल्यातली रक्कम लांबवतो. ती गेल्याचं खाली कळतं न कळतं तोच त्याच्याच खिशातला लायटर फटीतून खाली पडतो. खुन्याच्या बापाला झेना मेल्याचं वाईट वाटतं ते ती मेळ्यातलीच म्हणून. बाहेरचं गिऱ्हाईक मेलं असतं तर प्रकरण मिटवता आलं असतं, असा त्याचा सरळ हिशेब. ‘हॅलोवीन’मधला मायकल का मारतो हे कुणाला सांगता येत नाही, आणि त्यात त्या चित्रपटाची ताकद आहे हे मान्य. इथे मात्र प्रत्येक मृत्यूला कारण आहे आणि ते क्षुद्र आहे. मला ते जास्त भयंकर वाटतं.

मग भीती कुठाय, असं विचारणाऱ्यांनी पंख्याचा प्रसंग पाहावा. एमीचा धाकटा भाऊ जोई गुपचूप मेळ्यात आलेला असतो. त्याला न्यायला आईबाप येतात. एमीला ते भूतबंगल्याच्या झरोक्यातून, मोठ्या पंख्याच्या फिरत्या पात्यांपलीकडे दिसतात. ती जीव तोडून ओरडते. पंख्याच्या घरघरीत ते त्यांच्या कानांपर्यंत पोचत नाही. सुरुवातीला याच जोईने मुखवटा घालून, खोटा सुरा घेऊन न्हाणीघरात तिला घाबरवलेलं असतं. ती आत आहे हे त्याला ठाऊक आहे. तो बोलत नाही. प्रसंगात रक्ताचा थेंब नाही, आणि मुळात भूतबंगल्यातून किंकाळी आली तर दचकणार कोण? तिकीट काढतात ते त्यासाठीच.

शेवटाविषयीची तक्रार मला मान्य आहे. मुखवटा उतरला की दबा धरून बसलेलं संकट संपतं, उरते ती यंत्रांच्या दातऱ्यांमधली झटापट, आणि ती इतर दहा चित्रपटांत असते तशीच आहे. बेकरचं काम कितीही अचाट असलं तरी तो चेहरा जास्त वेळ पाहावा लागतो. पण त्याआधीचा केविन कॉनवे सोडू नका. मेळ्यातल्या तीन तंबूंबाहेर गिऱ्हाइकाला हाका मारणारे तिघेही तोच आहे. वेश बदलतो, माल बदलतो, लोकांना आत ओढायची हातोटी एकच. तिसरा तोच बाप. अँड्र्यू लॅस्लोने हे सगळं रुंद पडद्यासाठी टिपलेलं आहे. जुन्या व्हिडिओ कॅसेटींवर दोन्ही बाजू कापल्या जात आणि निम्मा मेळा चौकटीबाहेर राही. तेव्हा पाहायचाच तर पूर्ण रुंदीची प्रत शोधा, मोबाइलवर नको.