अकराव्या महिन्याची भीती

दक्षिण कोरियातील पालकांनी २०२४ मध्ये मुलांच्या खासगी शिकवणीवर सुमारे २९ लाख कोटी वॉन खर्च केले. तरीही तेथील छोट्या इंग्रजी अकादमींचा, म्हणजे ‘हागवॉन’चा, ताळेबंद नाजूकच असतो. उत्पन्न दरमहा शुल्कावर अवलंबून. जागेचे भाडे, परदेशी शिक्षकाचा पगार व निवास हे खर्च मात्र ठरलेले. त्यात जन्मदर घसरलेला. वर्ष पूर्ण करणाऱ्या शिक्षकास कायद्याने सुमारे महिन्याच्या पगाराइतकी सेवासमाप्ती रक्कम द्यावी लागते. ती वाचवण्यासाठी अकराव्या महिन्यात कामावरून काढल्याच्या तक्रारी म्हणूनच जुन्या आहेत. व्हिसा नोकरीशी बांधलेला असल्याने शिक्षकाला दाद मागणेही अवघड जाते.

२०१० पासून अमलात असलेल्या आर्थिक भागीदारी करारामुळे पात्र भारतीयांना कोरियातील शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक होता येते. अकादमींचे दार मात्र सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांपुरतेच उघडे आहे. ते आपल्यालाही उघडावे, ही मागणी रास्तच. परंतु माझ्या मते, सेवासमाप्तीची रक्कम दरमहा त्रयस्थ खात्यात जमा व्हावी आणि नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या संमतीची गरज नसावी, या अटी भारताने आधी मांडाव्यात. अन्यथा अकादमींच्या तोट्याची भरपाई आपल्या तरुणांच्या पगारातून होईल.