लिंबाच्या भावात खंडणी



मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात, उष्ण सखल पट्ट्यात, लिंबाच्या बागा आहेत. वर्तमानपत्रात या भागाचे नाव येते ते मुडदे मोजण्यापुरते. अमली मालाच्या टोळ्या भिडल्या, इतके मेले, बातमी संपली. बागवाल्याला विचारले तर हकिकत दुसरीच निघते.

२०११ साली तिथे 'टेम्पलर' नावाची टोळी पुढे आली. तिने लिंबाच्या किलोमागे खंडणी बसवली. तोड कोणत्या दिवशी करायची, वखारीत माल केव्हा घ्यायचा, हेही तीच ठरवू लागली. म्हणजे भावच तिच्या हातात गेला. आपल्या पट्टीवर हमाली, तोलाई निदान लिहून येते. खंडणी कोणत्या पावतीवर येणार?

२४ फेब्रुवारी २०१३ रोजी ला रुआना गावचे लिंबू उत्पादक हिपोलितो मोरा आणि गावकऱ्यांनी बंदुका उचलल्या. शेजारचे तेपालकातेपेकही त्याच दिवशी उठले. मे २०१४ मध्ये सरकारने या गावदळांना गणवेश दिले. टेम्पलर मोडले, पण गावदळातलेच काहीजण पुढे वसुलीला लागले. २९ जून २०२३ ला मोरांना त्यांच्याच गावात ठार केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपात्सिंगानच्या लिंबू उत्पादकांचे अध्यक्ष बर्नार्दो ब्राव्हो यांचा खून झाला. खंडणीविरुद्ध ते उघड बोलत होते.

अशा मुलखात अभ्यासाला जाणाऱ्यांना आम्ही हसणार नाही. मिचोआकानमधले मानववंशशास्त्रज्ञ साल्वादोर मालदोनादो यांनी या पट्ट्यात वर्षानुवर्षे काम केले आणि अमली धंद्यामागची मोडलेली शेती दाखवली. पण कोणता मुलूख कोणत्या टोळीचा याचे रंगीत नकाशे काढणारेच जास्त. आमचे म्हणणे एवढेच, की नकाशाआधी हिशेब मागा. बागेत किलोला काय मिळाले, शहरात गिऱ्हाइकाने काय मोजले, मधला पैसा कोणाच्या घरात गेला? बंदूक कोणाच्या हातात आहे हे मग आपोआप कळते.

आणि सांगणाऱ्याला जपा. गाव लहान असते. नाव बदलून छापले तरी बागेचा आकार, दोन मुलगे, विहिरीजवळचे घर एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. असा तपशील पुस्तकाला शोभा देतो म्हणून ठेवायचा, हे आम्हाला मान्य नाही. लिहिणारा वह्या घेऊन परत जातो. बागवाल्याला मात्र उद्या पहाटे त्याच वाटेने लिंबे घेऊन वखारीवर जायचे असते.