लाविलेलीं झाडें आणि जगलेलीं झाडें

महाराष्ट्र सरकारनें २ ऑक्टोबर २०२० रोजीं ‘माझी वसुंधरा’ अभियान आरंभिलें. भूमि, वायु, जल, अग्नि व आकाश या पंचमहाभूतांस अनुसरून गांवांच्या व नगरांच्या कार्यास गुण व पारितोषिकें देण्याची ही योजना स्तुत्य होय. परंतु परीक्षेपुरता घोकलेला धडा जसा सुटींत विसरला जातो, तसेंच आषाढांत लाविलेलें रोप वैशाखांत पाण्यावांचून वाळतें. मुळशीच्या डोंगरांवर पाऊस विपुल पडतो, पण उतारावरून तो वाहून जातो. म्हणून लाविलेल्या रोपांच्या संख्येहून तीन उन्हाळे जगलेल्या झाडांस अधिक गुण असावेत, असें आमचें मत आहे. विद्यार्थ्यांनो, भरे गांवीं प्रत्येकानें एक रोप आपलें मानावें. पालकहो, त्याकरितां रोज तांब्याभर पाणी राखावें.